टायटर कमी आला म्हणजे प्रतिकारशक्ती गेली का? बी पेशींचे प्रकार आणि अँटिबॉडी

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. मी इथं सोलापुरात नर्सिंगच्या मुलामुलींना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वॉर्डात पाठवण्याआधी त्यांची हिपॅटायटिस बीची अँटिबॉडी, म्हणजे जंतूला धरून निकामी करणारं प्रथिन, तपासतात. रक्तातल्या अँटिबॉडीच्या आकड्याला टायटर म्हणतात, आणि इथं तो किमान १० असला तर पुरेसा धरतात. रिपोर्ट हातात पडला की दरवर्षी काही जणी पडलेल्या चेहऱ्यानं येतात. "मॅडम, लहानपणी सगळे डोस झालेत, कार्डावर शिक्के आहेत, तरी टायटर १० च्या खाली. लस वाया गेली का?" घरच्यांचे फोन येतात ते वेगळेच. करोनापासून आपल्याकडे अँटिबॉडीचा आकडा म्हणजेच प्रतिकारशक्ती, हे समीकरण डोक्यात घट्ट बसलंय. तो आकडा रक्तात येतो कुठून, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. वर्गात फळ्यावर जे सांगते तेच इथं सविस्तर लिहितेय.

आधी एक हिशेब. रक्तातली आयजीजी या मुख्य प्रकारची अँटिबॉडी साधारण ३ आठवड्यांत निम्मी होते. वर्षभरात पहिल्यातलं काहीच उरायला नको. तरी लहानपणी गोवर होऊन गेलेल्या आजीच्या रक्तात साठ वर्षांनीही गोवराची अँटिबॉडी सापडते. जुनी केव्हाच संपली, म्हणजे कुणीतरी रोज नवी बनवतंय.

त्या बनवणाऱ्या पेशी म्हणजे दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. मुक्काम हाडांच्या आत, अस्थिमज्जेत. मूळच्या बी पेशीच, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, पण आता त्या विभागत नाहीत, जंतू आला की गेला याची वाटही बघत नाहीत. एकेक पेशी सेकंदाला हजारो अँटिबॉडी रक्तात सोडत राहते, वर्षानुवर्षं. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये काही लोकांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवले होते. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. धनुर्वाताची अँटिबॉडी निम्मी व्हायला साधारण ११ वर्षं, घटसर्पाची १९ वर्षं, आणि गोवराची तर इतकी सावकाश घटते की माणसाचं आयुष्य पुरणार नाही. रोग तसा आणि लस तशी पेशींची टिकाऊ फौज.

दुसऱ्या त्या स्मृती पेशी, मेमरी बी. या अँटिबॉडी सोडतच नाहीत. प्लीहेत, लसिकाग्रंथींत, रक्तात गुपचूप फिरत असतात. त्यामुळे टायटरच्या तपासणीत त्या दिसतच नाहीत. तोच जंतू पुन्हा आला की मात्र चार-सहा दिवसांत त्यांच्यातून नव्या प्लाझ्मा पेशी भराभर तयार होतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून वाचलेल्या लोकांचं रक्त जवळपास ९० वर्षांनी तपासलं, तेव्हा त्या विषाणूला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी बनवू शकणाऱ्या बी पेशी त्यांच्यात जिवंत सापडल्या. नव्वदी ओलांडलेली माणसं होती ती. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. वर्गात हे सांगताना मला आजही भरून येतं.

या दोन्ही प्रकारच्या पेशी घडतात कुठं? पायाला जखम होऊन चिघळली की जांघेत अवधाण येतं, ते सगळ्यांनी अनुभवलंय. त्या फुगलेल्या गाठीत, म्हणजे लसिकाग्रंथीत, बी पेशींची दाट वस्ती असते. जंतूचा तुकडा नेमका ओळखणारी बी पेशी तिथं टी मदतनीस पेशीच्या (बी पेशींना साथ देणारी दुसऱ्या जातीची पांढरी रक्तपेशी) पाठबळानं वाढू लागते आणि तिच्याभोवती जर्मिनल सेंटर नावाची जागा तयार होते. तिच्या एका भागात पेशी झपाट्यानं विभागतात आणि आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम बदल करतात. हे बदल घडवणारं एआयडी नावाचं एन्झाइम जपानमध्ये होन्जो यांच्या प्रयोगशाळेनं १९९९ मध्ये शोधलं. मग दुसऱ्या भागात येऊन त्या पेशींना दाखवावं लागतं की आपली अँटिबॉडी जंतूला आधीपेक्षा घट्ट धरते की नाही. जी कमी पडते तिला टी पेशीची मदत मिळत नाही आणि ती मरते. जी टिकते ती परत पहिल्या भागात. असे फेरे काही आठवडे, कधी महिनोन्‌महिने चालतात. म्हणूनच पहिल्या आठवड्यातली अँटिबॉडी आणि चौथ्या महिन्यातली अँटिबॉडी यांत पकडीचा मोठा फरक असतो. आकडा खाली आला तरी पकड सुधारलेली असू शकते, आणि नेहमीचा टायटर पकड मोजत नाही.

आता हिपॅटायटिस बीकडे येऊ. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण दोन-तीन महिने जातात. इतक्या अवधीत स्मृती पेशी जाग्या होऊन अँटिबॉडीचा पूर आणतात. त्यामुळे एकदा नीट लस लागलेल्या निरोगी माणसाचा टायटर पुढे १० च्या खाली गेला तरी संरक्षण सहसा शाबूत असतं. धनुर्वाताचं उलट आहे. तिथं मारक असतं ते विष, आणि ते इतक्या कमी मात्रेत काम करतं की धनुर्वात होऊन बऱ्या झालेल्या माणसालाही त्यातून प्रतिकारशक्ती येत नाही. ते विष मज्जातंतूत शिरल्यावर स्मृती पेशी जागी होऊन उपयोग नाही. तिथं रक्तात तयार अँटिबॉडीच हवी. म्हणून धनुर्वाताचा डोस ठरावीक वर्षांनी पुन्हा घ्यायचा.

एकच लसीकरण, पण एका रोगात आपण स्मृती पेशींच्या जिवावर आहोत आणि दुसऱ्यात प्लाझ्मा पेशींच्या. टायटरचा कागद वाचताना हे आधी डोक्यात हवं. प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

शेंगाचटणी

मॅडम, फार उपयोगी धागा. माझा एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. आमच्या मुलाला विजापूर रोडला भटकं कुत्रं चावलं होतं, तेव्हा सिव्हिलला जखमेत सीरम दिलं आणि इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स केला. गेल्या महिन्यात परत दुसरं कुत्रं चावलं. या वेळी फक्त दोन तारखा दिल्या आणि सीरम दिलंच नाही. डॉक्टर म्हणाले पुरेसं आहे. विश्वास आहे, पण आईचा जीव. जखम मागच्यापेक्षा मोठी होती हो.

जुळेसोलापूरकर

शेंगाचटणीताई, डॉक्टरांनी अगदी योग्य केलं. पहिल्या वेळी मुलाच्या शरीरात रेबीज ओळखणारी तयार बी पेशींची फौज नव्हती. लस दिल्यावर उपयोगी पडेल इतकी अँटिबॉडी यायला सात ते चौदा दिवस लागतात. मधले दिवस उघडे पडतात, म्हणून बाहेरून तयार अँटिबॉडी, म्हणजे ते सीरम, थेट जखमेत भरतात. ती उसनी अँटिबॉडी काही आठवड्यांत संपते, तोवर मुलाची स्वतःची तयार होते.

दुसऱ्या वेळी स्मृती पेशी हजर होत्या. पहिल्या दिवशी एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी एक, एवढ्या इशाऱ्यावर त्या कामाला लागतात. आधी पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला सीरम देत नाहीत, जखम मोठी असली तरी. त्याची गरजच उरत नाही. फक्त दोन गोष्टी कधीच सोडायच्या नाहीत: जखम लगेच साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, आणि पहिल्या कोर्सचा कागद जपून ठेवायचा.

शेंगाचटणी

आता निवांत झाले. कागद आहे, देवघरातल्या डब्यात ठेवलाय.

मोहोळ_पोल्ट्री

नमस्कार मॅडम. आमचा मोहोळजवळ पक्ष्यांचा शेड हाय. तुमचं वाचताना आमचा अनुभव आठवला. एका लॉटला गंबोरो, म्हणजे पिल्लांचा विषाणूचा रोग, आला होता. मर आटोक्यात आली, पण नंतर लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात घालूनसुद्धा त्याच लॉटला मानमोडीनं धरलं. शेजारच्या शेडला तीच लस, तीच बाटली, तिथं काय झालं नाय. पशुवैद्यांनी मेलेला पक्षी फाडून शेपटीकडची एक गाठ दाखवली, आक्रसून बारीक झालेली. म्हणाले, ही गेली की लस लागत नाही. ती गाठ म्हणजे तुमच्या बी पेशींचीच का?

जुळेसोलापूरकर

दादा, तुम्ही लिहिलंत ते सोनं आहे. तीच ती. बर्सा ऑफ फॅब्रिशियस. पक्ष्यांमध्ये बी पेशी तिथं तयार होतात आणि गंबोरोचा विषाणू नेमका त्यांनाच मारतो. सुरुवातीला ती गाठ सुजते, वर पिवळसर चिकट थर दिसतो, नंतर ती झिजते. पिल्लू वाचतं, पण नव्या लसीला उत्तर द्यायला बी पेशी उरत नाहीत.

बी पेशींची कहाणीच मुळी कोंबड्यांपासून सुरू झाली. ब्रूस ग्लिक नावाचा संशोधक अमेरिकेत ओहायोत पिल्लांची बर्सा काढून ती कशासाठी असते ते शोधत होता. त्याच्या सहकाऱ्याला, चँग यांना, वर्गात अँटिबॉडी तयार होते हे दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांनी ग्लिककडचे पक्षी घेतले, साल्मोनेला टोचला, आणि बर्सा काढलेल्या पक्ष्यांत अँटिबॉडी झालीच नाही. हा शोध १९५६ मध्ये 'पोल्ट्री सायन्स' या मासिकात आला. मानवी वैद्यकाचं त्याकडे लक्ष जायला बरीच वर्षं लागली. माणसात बर्सा नसते, आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात.

रक्तपेढीतला

मॅडमनी दोन प्रकार सांगितले, मी तिसऱ्याबद्दल लिहितो, कारण आमचं रोजचं काम त्याच्यावर चालतं. ए गटाच्या माणसाच्या रक्तात बी गटाविरुद्धची अँटिबॉडी असते. त्यानं आयुष्यात कधी कुणाचं रक्त घेतलेलं नसतं, लस नाही, काही नाही. आतड्यातल्या जंतूंच्या अंगावर तशाच साखरा असतात, त्यांच्याविरुद्ध ती आपोआप तयार होते असं मानतात. मुख्यतः आयजीएम प्रकारची. म्हणूनच नळीत किंवा काचेवर लगेच गुठळ्या धरते.

बाळ जन्मतं तेव्हा ही त्याच्यात नसते. पहिल्या काही महिन्यांत हळूहळू येते. म्हणून चार महिन्यांखालच्या बाळाचा रक्तगट ठरवताना आम्ही फक्त पेशी तपासतो, सीरमची, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या द्रवातल्या अँटिबॉडीची, उलटी तपासणी करत नाही. नातेवाईक विचारतात, अर्धीच टेस्ट का केली? कारण हे आहे.

आणि मराठी माणसानं विसरू नये अशी गोष्ट: बॉम्बे रक्तगट. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला. या लोकांच्या पेशींवर एच नावाची मूळ साखरच नसते, आणि सीरममध्ये तिच्याविरुद्ध जोरदार अँटिबॉडी असते. ओ गटाचं रक्त दिलं तरी जिवावर बेततं. आमच्याकडे ओ गटाच्या रुग्णाचं क्रॉसमॅच एकाही ओ पिशवीशी जुळत नसेल, तर पहिल्यांदा हाच विचार करतो.

जुळेसोलापूरकर

सुंदर लिहिलंत. या नैसर्गिक अँटिबॉडीचा बराचसा वाटा उंदरांत बी-१ नावाच्या पेशींचा असतो, पोटाच्या पोकळीत राहणाऱ्या. माणसातल्या बी-१ नेमक्या कोणत्या म्हणायच्या, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. काम मात्र दिसतं: जंतूची ओळख होण्याआधीच दारात उभी असलेली आयजीएम. पकड सैल, पण पाच जोड्या हात असल्यामुळे एकदम अनेक ठिकाणी धरते.

कंबरतलाव

अपघातात माझ्या भावाची प्लीहा फाटली आणि काढावी लागली. आमची आजी तिला पाणथरी म्हणायची. डिस्चार्जच्या वेळी तीन-चार लशी लिहून दिल्या आणि ताप आला तर लगेच दवाखाना, असं बजावलं. भाऊ आता ठणठणीत आहे, कामावर जातो. एवढं घाबरण्यासारखं आहे का? घरी सगळे म्हणतात डॉक्टर लोक भीती घालतात.

बार्शीचा_बालरोगतज्ज्ञ

कंबरतलाव, कृपा करून हे हलक्यात घेऊ नका. प्लीहेत सीमेवरच्या बी पेशी असतात, मार्जिनल झोन बी. रक्त तिथून सावकाश गाळून जातं आणि या पेशी त्यातले जंतू टिपतात. त्यांचं खास काम म्हणजे साखरेचं कवच घातलेले जंतू ओळखणं: न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिब. टी पेशींना साखर दिसत नाही, त्यांना प्रथिनांचे तुकडेच कळतात. म्हणून अशा जंतूंविरुद्ध टी पेशींच्या मदतीशिवाय झटपट अँटिबॉडी काढणाऱ्या या पेशी फार मोलाच्या. प्लीहा गेली की हा पहारा उठतो, आणि साधा वाटणारा ताप काही तासांत रक्तभर पसरू शकतो.

तेव्हा लशी पूर्ण करा, फ्लूची दरवर्षी घ्या. ताप आला की सकाळची वाट न बघता, रात्री-अपरात्रीही दवाखाना गाठा. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "प्लीहा काढलेली आहे." तशी चिठ्ठी पाकिटात ठेवा. कुत्रं चावलं तरी भावासाठी रेबीजपलीकडचाही धोका असतो, अँटिबायोटिकबद्दल विचारा.

बाळांचंही इथंच सांगतो. मार्जिनल झोनच्या पेशी दोन वर्षांच्या आसपास पक्व होतात. त्यामुळे नुसत्या साखरेची जुनी न्यूमोकॉकस लस दोन वर्षांखाली लागत नाही. मग साखर एका प्रथिनाला जोडली. बी पेशी साखर ओळखून तो सगळा जोड गिळते आणि प्रथिनाचा तुकडा टी पेशीला दाखवते. मदत मिळते, जर्मिनल सेंटर उभं राहतं, स्मृती तयार होते. हीच पीसीव्ही. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली, आता दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी मोफत मिळते. तीच साखर, पण वेगळ्या बी पेशीच्या हाती दिली आणि लाखो बाळांचं निमोनियापासून रक्षण होऊ लागलं. मला तरी लसशास्त्रातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

कंबरतलाव

डॉक्टर, हा प्रतिसाद छापून घरी दाखवतोय. राहिलेली एक लस उद्याच घेतो.

जुनामाणूस

सगळं वाचलं. माझा साधा सवाल. गोवर झाला की अँटिबॉडी आयुष्यभर टिकते हे तुम्हीच लिहिलंय. आमच्या वेळी अंगावर पुरळ यायचा, लिंबाच्या पाल्यावर निजवायचे, आठ-दहा दिवसांत मूल हिंडायला लागायचं. मग रोगच होऊ द्यावा, सुई कशाला?

बार्शीचा_बालरोगतज्ज्ञ

काका, जी मुलं हिंडायला लागली ती तुम्हाला आठवतात. न्यूमोनिया होऊन किंवा मेंदूला सूज येऊन गेलेलीही प्रत्येक गावात होती. त्यापलीकडे एक गोष्ट अलीकडेच उघड झाली. गोवराचा विषाणू स्मृती पेशींमध्येच शिरून त्यांना मारतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. गोवरानंतर इतर जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. म्हणजे गोवराची प्रतिकारशक्ती मिळाली, पण आधी कष्टानं कमावलेली बाकीची पुसली गेली. लस घेतलेल्या मुलांत अशी पुसापुशी दिसली नाही. गोवरानंतर मूल वर्षभर सारखं आजारी पडतं, हे जुन्या आयांना माहीत होतंच.

जुनामाणूस

हे माहीत नव्हतं. नातवाचा दुसरा डोस राहिलाय, सुनेला सांगतो.

अक्कलकोटरोड

आईला संधिवातासाठी रिटुक्सिमॅबची सलाइन देतात. डॉक्टर म्हणाले हे बी पेशी मारतं. मग तिची आयुष्यभराची प्रतिकारशक्ती संपली का? फ्लूची लस घ्यावी की नको?

जुळेसोलापूरकर

हे औषध बी पेशीच्या अंगावरची सीडी-२० नावाची खूण धरून तिला मारतं. नवख्या बी पेशी आणि स्मृती पेशी यांच्यावर ती खूण असते. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींवर नसते. म्हणून आईच्या रक्तातल्या जुन्या अँटिबॉडी, गोवराच्या वगैरे, बऱ्याच अंशी टिकून राहतात. मात्र नवी लस ओळखून उत्तर द्यायला साधारण सहा महिने तरी पेशी नसतात. त्यामुळे लस कधी घ्यायची हे सलाइनच्या तारखेवर ठरतं, शक्यतो पुढच्या सलाइनच्या काही आठवडे आधी. फ्लूची लस मात्र तारखेसाठी ताटकळत ठेवू नका, थोडा फायदाही मोलाचा. जिवंत विषाणूच्या लशी टाळायच्या. सुरुवातीला हिपॅटायटिस बीची तपासणी झाली होती ना, हे जुन्या फायलीत बघा, कारण या औषधानं दबलेला विषाणू उसळू शकतो. औषध मनानं थांबवू मात्र नका, संधिवाताच्या डॉक्टरांशी बोला.

लॅबवाला_अशोकचौक

एक भर घालतो. स्मृती पेशी दरवेळी फायद्याच्याच असतात असं नाही. पावसाळ्यात डेंगीचे नमुने येतात तेव्हा दिसतं: दुसऱ्यांदा डेंगी झालेल्या रुग्णात आयजीजी पहिल्या काही दिवसांतच उसळलेली असते आणि आयजीएम जेमतेम. डेंगीचे चार प्रकार. पहिल्या प्रकाराच्या स्मृती पेशी दुसऱ्या प्रकाराला धरतात खऱ्या, पण पकड अर्धवट. तशी अर्धवट चिकटलेली अँटिबॉडी विषाणूला पेशीत शिरायला उलट मदत करू शकते. म्हणून दुसऱ्या डेंगीत प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) जास्त बारकाईनं बघतात. नुसता आयजीएम निगेटिव्ह बघून "डेंगी नाही" म्हणून घरी बसू नये, पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, म्हणजे विषाणूचंच प्रथिन शोधणारी तपासणी, सुद्धा करावी.

बीएस्सी_नर्सिंग_प्रथमवर्ष

मॅम, मी तुमच्याच वर्गातली. माझाच टायटर कमी आलाय. लहानपणीचं कार्ड आहे, पण डोसनंतर तेव्हा टायटर कुणी तपासला नव्हता. मग स्मृती पेशी आहेत की मुळात लस लागलीच नव्हती, हे कसं कळणार?

जुळेसोलापूरकर

नेमका प्रश्न विचारलास. कळायला सोपा मार्ग आहे: लसीचा एक डोस घ्यायचा आणि एक ते दोन महिन्यांनी टायटर बघायचा. स्मृती पेशी असतील तर त्या एका डोसवर आकडा १० च्या वर जातो, बहुतेक वेळा खूपच वर. तसं झालं की विषय संपला, पुढे परत परत टायटर करायची गरज नाही. रिपोर्ट मात्र आयुष्यभर जपायचा.

नाही चढला तर उरलेले दोन डोस घेऊन कोर्स पुरा करायचा आणि पुन्हा एक-दोन महिन्यांनी तपासायचा. तरीही १० च्या खाली राहिला तर विषाणूची तपासणी, म्हणजे एचबीएसएजी, करून घ्यायची. ती निगेटिव्ह आली तर तू थोड्या लोकांपैकी आहेस ज्यांना ही लस लागत नाही. त्यांनी वॉर्डात सुई टोचली तर उशीर न करता इम्युनोग्लोब्युलिन घ्यायचं, म्हणजे तयार अँटिबॉडी.

सोमवारी कार्ड आणि रिपोर्ट दोन्ही घेऊन ये. ज्यांचे टायटर कमी आहेत त्या सगळ्यांना एकदमच पहिला डोस देऊन टाकू.